ऑनर्सचा प्रबंध: आधी मंजुरीचं पत्र, मग फॉर्म

मानसशास्त्रात ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे पदवीचं चौथं वर्ष संशोधनासह करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरचे मिळून ७५ टक्के आहेत ना, ते आधी बघ. नसतील तर पुढचं वाचूच नको. प्रबंधाला १२ क्रेडिट असतात. गाइड, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह वगैरे मी सांगत बसत नाही.

विषय लहान घे. ‘बडोद्यातल्या तरुणांचं मानसिक आरोग्य’ हा विषय नाही, ते अख्खं सरकारी खातं झालं. ‘होस्टेलवरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची झोप आणि ताण’ हा विषय. दोन गोष्टींमधला मध्यम संबंध, म्हणजे ०.३ च्या आसपासचा सहसंबंध, सापडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल तर साधारण ८५ जण लागतात. किती जण लागतील ते काढणारं जी-पॉवर सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्वतः आकडा काढ. मागच्या वर्षीच्या कुणाच्या प्रबंधातून उचलू नको.

आता एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची मंजुरी. लेखी, सहीशिक्क्याची, आणि पहिला फॉर्म वाटायच्या आधीच्या तारखेची. मला तोंडी ‘हो’ मिळालं होतं. कमिटीची मीटिंग पुढे ढकलली होती आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. एकदा गरबा सुरू झाला की या गावात दहा दिवस कुणी फॉर्म भरत नाही, म्हणून सप्टेंबरातच ६४ फॉर्म भरून घेतले. पत्र आलं दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या तारखेचं. आणि माझ्या प्रत्येक संमतिपत्रावर सहीखाली भरणाऱ्याने स्वतःच्या हाताने सप्टेंबरची तारीख घातलेली! मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. ६४ च्या ६४ बाद. बाबा म्हणाले, पस्तीत दे, म्हणजे रद्दीत. तेही चालत नाही, नावं आणि सह्या आहेत त्यावर. आईने आणि मी ओट्यावर बसून दोन दुपारी ते कागद हाताने फाडले.

तेव्हा अर्ज जुलैतच दे. प्रस्ताव, स्केल (म्हणजे मोजमापाची प्रश्नावली), माहितीपत्रक आणि संमतिपत्र, सगळं एकदम. माहितीपत्रक आणि संमतिपत्र गुजरातीतही हवं. आपण घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी बोलतो, पण भरणाऱ्याने ते करावं अशी अपेक्षा ठेवू नको. पहिल्या वर्षाची काही मुलं १७ ची असतात. त्यांच्या सहीसोबत पालकांची संमती लागते, नाहीतर सरळ १८ पूर्ण झालेलेच घे. नैराश्याबद्दल विचारणार असशील तर कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं लिहिलं तर तू काय करणार, हे कमिटी विचारतेच. उत्तर तयार ठेव आणि माहितीपत्रकावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छाप. आणि पत्र हातात येईपर्यंत फॉर्म वाटू नको. ‘दोन-तीन मैत्रिणींकडून नुसते भरून बघते’ हेही नको, त्या ट्रायलचाही उल्लेख अर्जात लागतो.

स्केल वापरायची परवानगी लागते का, ते प्रत्येक स्केलचं वेगळं बघ. भाषांतर एकाने करायचं, आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणायचं. मी मामेबहिणीवर सोपवलं. कोहेन यांच्या ताणाच्या स्केलमध्ये ‘ऑन टॉप ऑफ थिंग्ज’, म्हणजे सगळं आपल्या हातात आहे असं वाटलं का, असा प्रश्न आहे. तिने केलं ‘वस्तुओनी उपर’, म्हणजे वस्तूंच्या वर. एका मुलाने फॉर्म भरता भरता मान वर करून विचारलं, “एटले, अगाशी पर?” गच्चीवर!

फॉर्म वाटायचे दिवस कॅलेंडरवर मांड. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग परीक्षा, मग उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला तर अख्खं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं. उरतात ते आठवडे मोज, म्हणजे जुलै-जुलै का करतेय ते कळेल. माझी दुसरी फेरी जानेवारीत झाली. ८५ हवे होते, मिळाले ४१. पत्राची तारीख बघितलीस ना?

आकडे भरताना उलटे प्रश्न, म्हणजे ज्यांत जास्त गुण म्हणजे कमी ताण, ते उलटे मोज. कोहेनच्या दहा प्रश्नांत चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा. विसरलं तर निवांत माणूस हैराण दिसतो. आकडेमोडीचं एसपीएसएस सॉफ्टवेअर नसेल तर तसलंच जमोवी फुकट आहे.

लिखाण: पद्धतीचं प्रकरण आधी, प्रस्तावना शेवटी. संदर्भ वाचतानाच नोंदव. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या आत. फाइल तीन ठिकाणी. बाइंडिंगला चार दिवस धर.

परिशिष्टात पहिलं पान मंजुरीच्या पत्राचं लाव. झेरॉक्स फिकी नको, तारीख नीट वाचता आली पाहिजे. माझ्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी आधी तेच पान उघडलं.