मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय ठणकतोय? दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याआधी

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, धुताना त्या जागेला हाताचा स्पर्शच कळेना, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम जाऊ लागली, तर पुढचं वाचत बसू नका. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दबल्याची ही लक्षणं असतात आणि इथे हिशोब तासांचा असतो. १०८ ला फोन करा. रात्रीसुद्धा एमआरआय आणि मणक्याचा सर्जन मिळेल, अशाच ठिकाणी जा. सुरगाणा-पेठकडून निघताना हे फोनवर आधी विचारून घ्या, नाहीतर नाशिकला पोचून दोन-तीन हॉस्पिटलं फिरण्यात रात्र जाते. पाऊल लोंबू लागलं, चप्पल आपोआप निसटू लागली, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

पहिल्या महिन्यात आणखी एक गोष्ट फसवते. पाठ चांगली सुधारत असते आणि १ ते ४ आठवड्यांनी कूस बदलतानाही जीव जाईल अशी दुखू लागते. हा दोन मणक्यांमधल्या गादीतला (डिस्क) जंतुसंसर्ग असू शकतो. ताप असेलच असं नाही, टाकेही वरून छान भरलेले दिसतात. सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, अंगात सूज किंवा संसर्ग असला की हे आकडे वाढतात. सीआरपी ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांत उतरतो, ईएसआर त्यानंतरही काही आठवडे चढा राहू शकतो, म्हणून सीआरपीचा आकडा जास्त बोलका. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. नंतर तपासणीत जंतू सापडत नाही आणि औषध अंदाजाने द्यावं लागतं. बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं, किंवा जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो, तर नसांभोवतीच्या पिशवीला छिद्र राहिलेलं असू शकतं. लगेच सर्जनला कळवा.

यातलं काही नसेल, तर घाई नाही. आता एकच प्रश्न नीट सोडवायचा: ऑपरेशननंतर मधे किती दिवस बरं वाटलं होतं?

पायाची कळ एक दिवसही गेली नसेल, तर गादीचा तुकडा मागे राहिला, मणक्याची पातळी चुकली, नस आधीच जास्त दुखावलेली होती, किंवा दुखण्याचं मूळच वेगळं होतं (खुबा, माकडहाडाजवळचा सांधा). काही आठवडे-महिने छान गेले आणि वाकताना किंवा शिंकताना एकदम चमक आली, तर त्याच जागी गादी पुन्हा सरकल्याचा संशय. हळूहळू महिन्यामहिन्याने वाढत गेलं, तर नसेभोवतीचा व्रण (जखम भरताना तयार झालेला घट्ट भाग), नसेची वाट अरुंद होणं किंवा मणका हलता होणं (जागेवर पक्का न राहणं). नुसता बधिरपणा उरला असेल, तर तो वर्षभरसुद्धा रेंगाळतो. तेवढ्यासाठी दुसरं ऑपरेशन नको.

दोन आठवडे वहीत रोज लिहा: पाय किती दुखला, पाठ किती दुखली (दोन्हींना वेगवेगळे दहापैकी गुण), न थांबता किती मिनिटं चालता आलं. भिंतीला हात टेकून आधी टाचांवर, मग चवड्यांवर दहा पावलं चाला. टाचांवर चालताना पाऊल वर धरता येत नसेल तर एल-५ ची नस, चवड्यावर उचलता येत नसेल तर एस-१ ची नस कमजोर असण्याची शक्यता (कमरेतून पायात जाणाऱ्या नसांची ही नावं). दुखणं वाढलं तर वाट पाहता येते, ताकद घटत असेल तर वाट पाहता येत नाही.

कागद जमवा. डिस्चार्ज कार्ड पुरेसं नसतं. ऑपरेशन नोट आणि आधीच्या एमआरआयची सीडी हवी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात, म्हणून अर्ज लेखी द्या. नवा एमआरआय काढताना काँट्रास्ट (शिरेतून दिला जाणारा रंग) देऊन काढायचा का, हे सर्जनला विचारा. व्रण रंग शोषतो, नव्याने सरकलेली गादी सुरुवातीला शोषत नाही. साध्या एमआरआयत दोन्ही सारखेच दिसू शकतात. रंग देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघायचं. एमआरआय झोपून काढतात, त्यामुळे मणका हलतो का हे त्यात सुटू शकतं. त्यासाठी उभं राहून, पुढे-मागे वाकून एक्स-रे लागतो. आणि कुणी नुसतं ‘गॅप आहे’ म्हटलं, तर कुठल्या पातळीवर आणि कुठली नस, एवढं विचारा.

दुसऱ्या ऑपरेशनचा निकष सोपा आहे: दुखतो तो पाय, कमजोर झालेली नस आणि फोटोत दिसणारा दाब एकमेकांशी जुळले पाहिजेत. तिन्ही जुळले आणि ६ ते १२ आठवडे औषध-व्यायामाने फरक नसेल, तर गादीचा तुकडा पुन्हा काढणं बऱ्याचदा पुरतं. स्क्रू-रॉडची गरज मणका हलता असेल किंवा गादी पुन्हापुन्हा सरकत असेल तेव्हा. पहिल्याच भेटीत कुणी स्क्रू सुचवले, तर दुसरं मत घ्याच. नुसत्या व्रणासाठी कापाकापी केली, तर पुन्हा व्रणच होतो. तिथे नसेजवळचं इंजेक्शन, प्रिगाबालिनसारखी नसेच्या दुखण्यावरची औषधं आणि व्यायाम. इंजेक्शनातल्या स्टेरॉईडने काही दिवस साखर चढते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायची. प्रिगाबालिनने झोप येते, त्यामुळे सुरुवातीला नाशिकच्या द्वारका चौकासारख्या गर्दीतून दुचाकी नको. गोळी एकदम बंदही करायची नाही. स्क्रू ठरलेच, तर तंबाखू आणि मिश्री सुद्धा काही आठवडे आधीपासून बंद. स्क्रूनंतर मणक्यांची हाडं जुळावी लागतात, निकोटिनने त्यात अडथळा येतो.

रोजचं: सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. अंबड-सातपूरच्या कंपनीत मशीनवर उभं राहावं लागत असेल, तर एक पाय पाटावर, आलटून पालटून. भारतीय संडासावर कमोड खुर्ची ठेवा. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, तो कुणालाही उचलू द्या, तुम्ही नाही. द्राक्षबागेत छाटणी उंचावर होते, ती एक वेळ चालेल. वाकून क्रेट उचलणं नाही. मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे ऑपरेशन झालेली पाठ देऊ नका.

खर्चाचं काय, ते ऑपरेशन ठरण्याआधी बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि स्क्रूचे पैसे त्यात धरले आहेत का, हे त्याला विचारा. मंजुरी आधी लागते, म्हणून ॲडव्हान्स भरण्यापूर्वी.