टूल लिहावं की इन्स्ट्रुमेंट?

टूलरूमच्या स्टोअरची रजिस्टरं मी बरीच वर्षं लिहिली. वस्तू आली की ती टूलच्या रजिस्टरात चढवायची की इन्स्ट्रुमेंटच्या, हे आधी ठरवावं लागे. मराठीत दोन्हींना 'उपकरण' म्हटलं तरी चालून जातं, म्हणूनच इंग्रजीत लिहिताना माणूस अडतो.

अशा वेळी स्वतःला विचारा, काम झाल्यावर हाती काय आलं? वस्तू कापली, घासली, आवळली गेली असेल तर ते टूल. वस्तू होती तशीच राहून तिच्याबद्दल माहिती मिळाली असेल तर इन्स्ट्रुमेंट. पाना, कानस, छिन्नी ही टूल्स. कारागीर त्यांना हत्यारं म्हणतात आणि मला तोच शब्द चपखल वाटतो. ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजणारं मायक्रोमीटर, जबड्यांत वस्तू धरून माप देणारं व्हर्निअर, डायल गेज ही इन्स्ट्रुमेंट्स. लेथसारखं अवाढव्य यंत्रसुद्धा मशीन टूलच, कारण ते धातूला आकार देतं. आकारमानावर जाऊ नका.

हे मी इतकं धरून का बसते? एकदा एका नव्या मुलानं व्हर्निअरच्या जबड्यांच्या टोकांनी पत्र्यावर रेघ आखली. रेघा आखायचा टोकदार स्क्रायबर शेजारीच होता. छिन्नीची धार गेली तर पहिल्याच घावाला कळतं, ग्राइंडरवर धरली की पुन्हा कामाला येते. व्हर्निअरची टोकं झिजली तर ते बिनबोभाट चुकीचं माप देत राहतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवून जॉब, म्हणजे घडवायची वस्तू, बनवत जातो. मी त्या व्हर्निअरचे जबडे मिटून उजेडासमोर धरले, तर टोकाशी फट स्पष्ट दिसली. त्या दिवसापासून मी दोन्हींची कपाटंही वेगळी केली. इन्स्ट्रुमेंटच्या रजिस्टरात कॅलिब्रेशनच्या, म्हणजे माप प्रमाणाशी ताडून पाहिल्याच्या, तारखेचा रकाना हवाच.

टॉर्क रेंच मात्र दोन्हीकडे ओढतो, कारण तो बोल्ट आवळतो आणि जोरही मोजतो. त्याच्यासाठीच्या आयएसओ ६७८९ या मानकात त्याला टूलच म्हटलंय. तरी कॅलिब्रेशन त्यालाही लागतं, म्हणून नाव टूलच्या रजिस्टरात आणि तारीख इन्स्ट्रुमेंटच्या, असं मी दोन्हीकडे नोंदवत असे.

शस्त्रक्रियेची कात्री आणि चिमटे यांना हा नियम लावू नका. ती कापतात, धरतात, तरी इंग्रजीत सर्जिकल इन्स्ट्रुमेंट्स म्हणूनच ओळखली जातात, कारण नाजूक, नेमक्या हाताच्या कामालाही हा शब्द चालतो. वाद्यांनाही इन्स्ट्रुमेंटच म्हणतात. ही दोन्ही पाठ करून टाका.

आणि सगळ्या सरंजामाला मिळून लिहायचं असेल तर इक्विपमेंट. त्याला पुढे 'स' जोडून अनेकवचन करू नका. पाच वस्तू असतील तर 'फाइव्ह पीसेस ऑफ इक्विपमेंट' लिहा, नाहीतर सरळ पाचांची नावं लिहा. रजिस्टरात मी नावंच लिहायची.