व्हाइटनिंग टूथपेस्ट वापरताय? या चुका टाळा

पेस्टने दात उजळले नाहीत की बहुतेक जण पेस्ट वाढवतात आणि जोर लावून घासतात. दात पांढरे होण्याऐवजी आणखी पिवळे दिसायला लागतात, ते इथूनच. म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी.

पिवळेपणा कुठला, हे न बघता घासत सुटणं

लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ थर दातांवर सतत बसत असतो. चहा, कॉफी, तंबाखूचा रंग त्यात मुरतो. पेस्टमधली सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड हा रंगलेला थर घासून काढते. बहुतेक व्हाइटनिंग पेस्टचं मुख्य काम एवढंच.

पण दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतला थर, डेंटिन, मुळातच पिवळसर. वयानुसार इनॅमल झिजून पातळ होतं, डेंटिन गडद होतं, आणि आतला रंग जास्त दिसू लागतो. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे किंवा फ्लोरोसिसचे (लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडणारे) डागही दाताच्या आतलेच. तिथे पेस्ट पोचत नाही. कॅप आणि फिलिंगचा मूळ रंगही पेस्टने बदलत नाही.

दिवसाच्या उजेडात आरसा घेऊन बघा. दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला तपकिरी रेघा असतील तर डाग वरचा आहे. तिथेच जिभेला खरखरीत लागत असेल तर ते कीटण. ते कुठल्याही पेस्टने निघत नाही, दंतवैद्याकडून खरवडून काढावं लागतं, म्हणजे स्केलिंगच. सगळा दात एकसारखा पिवळसर दिसत असेल तर तो बहुधा आतला रंग. सुळे शेजारच्या दातांपेक्षा गडद असतातच, त्यांच्या मागे लागू नका. एकच दात काळवंडला असेल तर मात्र दंतवैद्याकडे जा, आतली नस मेलेली असू शकते.

जोर लावून, आणि चुकीच्या वेळी घासणं

पेस्टचा खरखरीतपणा आरडीए या आकड्याने मोजतात. आयएसओ 11609 या मानकात त्याची कमाल मर्यादा 250 आहे. हा आकडा मोजला जातो डेंटिनवर, आणि डेंटिन इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ असतं. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथे इनॅमलचं कवच नसतंच. अशा जागी रोज दाबून आडवं घासलं की हिरडीलगत खाच पडते. नखाला ती लागते, थंड पाण्याने तिथूनच कळ जाते.

धडधाकट इनॅमल नुसत्या ब्रशने सहसा झिजत नाही. आंबट खाल्ल्यावर किंवा सॉफ्ट ड्रिंक प्यायल्यावर मात्र ते मऊ पडतं. तोंडातला पीएच (तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातली खनिजं विरघळू लागतात. लगेच घासलं तर तो मऊ थर ब्रशबरोबर निघून जातो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा ते एक तास थांबा. उलटी झाल्यावरही हेच. लिंबू आणि सोडा चोळण्याचा घरगुती उपाय तर करूच नका; लिंबाचं आम्ल थेट इनॅमलवरच जातं.

घासून गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात. मऊ ब्रश, हलका हात, दोन मिनिटं. एवढं पुरतं.

जाहिरातीतल्या शब्दांवर भिस्त ठेवणं

पहिल्याच वापरात दात उजळ दिसले तर पेस्टमध्ये ब्लू कोव्हरिन हे निळं रंगद्रव्य असू शकतं. ते दातावर बसून पिवळेपणा झाकतं आणि हळूहळू निघून जातं. फसवणूक नाही, पण डागही गेलेला नाही. पेरॉक्साइड या रंग उडवणाऱ्या रसायनाच्या पेस्टकडूनही फार अपेक्षा नको. दंतवैद्य देतात ती पेरॉक्साइडची जेल ट्रेमध्ये भरून तासन्‌तास ठेवतात, पेस्ट दोन मिनिटांत थुंकली जाते. कोळशाच्या पेस्टने दात जास्त पांढरे होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइडच नसतं. कुठलीही पेस्ट घ्या, फ्लोराइड 1000 ते 1500 पीपीएम आहे ना, हे वेष्टनावर आधी वाचा.

डाग पुन्हा येतायत, पण कारण शोधत नाही

क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशने तपकिरी डाग पडतात, लोहाच्या सिरपने काळे. पेस्ट बदलून उपयोग नाही. माउथवॉश सांगितले तेवढेच दिवस वापरा, सिरप डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

दात शिवशिवत असताना पेस्ट चालू ठेवणं

व्हाइटनिंग पेस्ट बंद करा आणि शिवशिवणाऱ्या दातांसाठीची पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट रोज दोन वेळा वापरा. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. महिनाभराने फरक पडला नाही किंवा एकाच दातातून कळ येत असेल, तर तिथे कीड किंवा चीर असू शकते. दात तपासून घ्या.