उन्हाळ्याआधी घराची तयारी: आधी गच्ची, मग खिडक्या, एसी सर्वांत शेवटी

खरेदीला निघण्याआधी एक साधा तापमापक आणा आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत चार दिवस, दुपारी 4 आणि रात्री 10 वाजता, छताजवळचं आणि कमरेच्या उंचीवरचं तापमान लिहून ठेवा. रात्रीही छताजवळचा आकडा चढाच राहत असेल तर उकाड्याचं मूळ स्लॅबमध्ये आहे. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि अंधार पडल्यावर खाली सोडतं. मग पहिला खर्च गच्चीवरच करा: तिथे ऊन परतवणारा परावर्तक रंग लावा.

गच्चीवर काम बिघडतं ते रंगाच्या आधीच. चार बादल्या पाणी ओतून कुठे साचतं ते खडूनं आखा आणि तिथला उतार आधी दुरुस्त करा, नाहीतर साचलेल्या पाण्याखाली परावर्तक रंग मऊ पडून त्याचे पोपडे सुटतात. शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा, भेगा भरा. नवं प्लास्टर केलं असेल तर 28 दिवस थांबा. रंगाचा हिशोब करताना कठड्याची आतली बाजूही मोजा, एका लिटरमध्ये दोन हातांचं किती क्षेत्र होतं ते डब्यावर बघा आणि निघेल त्यापेक्षा 10 टक्के जास्त आणा, कारण खडबडीत गच्ची रंग पिते. आधी प्राइमर, मग दोन हात. दुसरा पहिल्याला आडवा. गच्ची पूर्ण कोरडी हवी, पण तापलेली नको: तापलेल्या स्लॅबवर रंग धरण्याआधीच सुकतो. म्हणून काम सकाळी लवकर. डोळ्यांवर गॉगल हवाच. धूळ बसली की परावर्तन घटतं, तेव्हा दर उन्हाळ्याआधी गच्ची धुता येईल असा नळ जवळ असू द्या.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा पुरत नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरातच अडकते. छज्जाही तिथे कमी पडतो, कारण मावळतीचा सूर्य खाली असतो. बाहेरून बांबूची चिक लावा, काचेपासून चार बोटं सोडून, आणि वाऱ्यात आपटू नये म्हणून खाली बांधायला दोन हुक ठोका.

एसीच्या खोलीतल्या फटी पेटत्या उदबत्तीच्या धुरावरून शोधा आणि बुजवा. दाराखालची फट आणि एसीच्या पाइपाचं भोक हमखास सुटतं. गॅस असलेल्या स्वयंपाकघरातले हवेचे झरोके मात्र कधीही बुजवू नका.

एसीआधी पंखाही बघा: जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा 30च्या आसपास.

हे सगळं झाल्यावर तापमानाच्या नोंदी पुन्हा घ्या आणि एसी किती टनाचा हे तेव्हाच ठरवा. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून लगेच थांबतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो.