जुना परदेशी मोनोपॉली हाती लागला तर तो कुठला आणि केव्हाचा, हे कसं ओळखायचं

भुसावळला एका रेल्वे क्वार्टरमधलं सामान भंगारात निघालं होतं, त्यात मला पहिला जुना इंग्लिश मोनोपॉली मिळाला, म्हणजे आपल्या व्यापारासारखाच पटावरचा खेळ. भंगारवाले भाऊ तो रद्दीच्या काट्यावर टाकायच्या बेतातच होते, मी हात घातला तर मलाच विचारलं, "हाई काय शे भो?" मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. पट वेगळा, बाकी सामान एका छोट्या खोक्यात, त्यात धातूच्या सोंगट्या नाहीत, फासे नाहीत. पुठ्ठ्याची कापलेली चित्रं लाकडाच्या खाचेत उभी केलेली आणि फाशांच्या जागी बाण फिरवायची एक चकती. मला वाटलं मूळ सामान हरवलं म्हणून कोणीतरी घरीच केलेली सोय आहे, आणि ती चकती मी जवळजवळ फेकूनच देणार होतो. नंतर वाचलं की दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मालाची टंचाई झाली तेव्हा तिथल्या वॉडिंग्टन कंपनीने धातूच्या सोंगट्या बंद करून पुठ्ठ्याच्या दिल्या आणि फाशांऐवजी चकती दिली. म्हणजे त्या चकतीवरूनच तर सेट युद्धाच्या काळातला हे कळत होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो, जुन्या सेटमधलं काहीही विचित्र दिसलं तरी लगेच टाकू नका.

आपल्याकडे असे सेट निघतात याचं लोकांना नवल वाटतं, पण भुसावळ जंक्शनवर अँग्लो-इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन मिशनरी राहून गेले, नंतर आपलीच पोरं गल्फ, जर्मनी, हॉलंडला गेली. त्यांच्या ट्रंकांमधून काय काय आलंय ते घरच्यांनाही माहीत नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटायला बसतात तेव्हा कधी कधी माळ्यावरून असा एखादा पट खाली येतो आणि सगळे म्हणतात, हा इंग्लिश व्यापार आहे. तो बघायला मिळाला की पुढचं करा.

थोडा इतिहास लागतो, कारण तारीख त्याच्यावरच काढायची आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, जमीनदार भाडं खाऊन कसा गबर होतो हे लोकांना दाखवायला. तोच खेळ घराघरात बदलत बदलत चार्ल्स डॅरोकडे आला, त्याच्याकडून अमेरिकेच्या पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ ला घेतला आणि श्रेय कितीतरी वर्षं एकट्या डॅरोलाच मिळत राहिलं, मॅगीबाईंचं नाव खोक्यावर शोधून सापडत नाही, मला हे दर वेळी टोचतं. १९३६ पासून तो युरोपात पसरला. इंग्लंडात वॉडिंग्टन, फ्रान्सात मिरो कंपनी, इटलीत एदित्रीचे जोकी, जर्मनीत श्मिट. आणि प्रत्येकाने रस्ते आपापल्या शहराचे टाकले, हेच तर आपल्या कामाचं.

आता देश कसा ओळखायचा. खोकं बघूच नका, खोकी बदललेली असतात. पट उघडा, जिथून खेळ सुरू होतो त्या कोपऱ्यावर बोट ठेवा आणि एक घर मागे या. तिथे त्या आवृत्तीतली सगळ्यात महागडी जागा असते, आणि ते नाव वाचलं की देश नव्वद टक्के कळला. मेफेअर असेल तर लंडनचा पट. बोर्डवॉक असेल तर अमेरिका, त्यातले रस्ते अटलांटिक सिटीचे. र्यू द ला पे म्हणजे पॅरिस. पार्को देल्ला व्हित्तोरिया म्हणजे इटली. काल्व्हरस्ट्राट म्हणजे हॉलंड, पासेओ देल प्रादो म्हणजे माद्रिद, नॉरमाल्मस्टॉर्य म्हणजे स्टॉकहोम, आणि श्लॉसआले म्हणजे जर्मनी. मी उच्चार देतोय, पटावर रोमन अक्षरं असतील, तर मोबाईलने फोटो काढून नाव सर्च करा, पण भाषांतराचं ॲप लावू नका, ते श्लॉसआलेचं थेट 'किल्ल्याचा रस्ता' करून टाकतं आणि मग शोधून काही सापडत नाही.

लंडनच्या पटावर एक गंमत आहे, चारही स्टेशनं एकाच रेल्वे कंपनीची आहेत, किंग्ज क्रॉस, मॅरिलबोन, फेनचर्च स्ट्रीट, लिव्हरपूल स्ट्रीट, सगळी एलएनईआरची, म्हणजे लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची, भुसावळच्या माणसाला हे लगेच डोळ्यात भरतं. पण लंडनचा पट म्हणजे इंग्लंडातच छापलेला असं धरून चालू नका. ऑस्ट्रेलियात जॉन सँड्स कंपनीनेही लंडनचेच रस्ते ठेवून सेट काढले, त्यामुळे पटाच्या कडेला आणि नियमांच्या पुस्तिकेच्या मागे कंपनीचं नाव बघाच.

इटलीचा जुना सेट खेळाच्या नावावरूनच कळतो, शेवटी वाय नाही, आय असतो. मुसोलिनीच्या काळात परदेशी शब्द चालत नव्हते म्हणून नाव इटालियन करून घेतलं आणि ते पुढे कितीतरी दशकं तसंच टिकलं. जर्मनीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. १९३६ च्या श्मिटच्या आवृत्तीत बर्लिनचे खरे रस्ते होते आणि महागडी जागा होती श्वानेनवेर्डर बेट, जिथे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स राहायचा. युद्धानंतर १९५३ ला जो जर्मन पट आला त्यात मात्र कोणत्याच एका शहराचे नसलेले रस्ते आले, श्लॉसआले त्यातलाच. तेव्हा श्लॉसआले दाखवून कोणी युद्धाच्या आधीचा जर्मन सेट आहे म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

काही पट दिसायला तसेच पण नाव वेगळं, डेन्मार्कचा मातादोर, ब्राझीलचा बांको इमोबिलियारिओ. मला ते सुद्धा हवे असतात, संग्रहात ठेवा पण मोनोपॉली म्हणून नोंदवू नका.

आता काळ. इथेच सगळे फसतात. पटावर १९३५ छापलंय म्हणून १९३५ चा सेट, असं ऑनलाईन विकणारे सर्रास लिहितात. तो कॉपीराईटचा आकडा आहे, तो पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले. पाच-सहा सालं एकापुढे एक असतील तर शेवटचं साल धरा, आणि ते सुद्धा 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतं, याच सालचा असं नाही सांगत.

माझा भरवसा पत्त्याच्या ओळीवर जास्त. कंपनीचा पत्ता पुस्तिकेच्या मागे किंवा खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात असतो आणि पिन कोडची पद्धत प्रत्येक देशात ठरावीक काळात बदलली. अमेरिकेच्या पत्त्यात झिप कोड असेल तर १९६३ नंतरचा. इंग्लंडात वॉडिंग्टनच्या पत्त्यात आधी नुसतं शहराचं नाव आणि आकडा, लीड्स १० असं लिहायचे, मग एलएस १० वाला पोस्टकोड आला, ते काम देशभर १९७४ पर्यंत पुरं झालं. जर्मनीत पिन चार आकडी असेल तर जुलै १९९३ च्या आधीचा, पाच आकडी असेल तर नंतरचा, आणि 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० मधला. खोक्यावर सीई हे युरोपातलं सुरक्षिततेचं चिन्ह दिसलं तर तो १९९० च्या आसपासचा किंवा नंतरचा समजा.

कंपनीची मालकीही कामी येते, कारण या कंपन्या पुढे मोठ्या कंपन्यांनी विकत घेतल्या. पार्कर ब्रदर्सच्या नावाखाली जनरल मिल्स असेल तर १९६८ नंतरचा. पार्करच्या जोडीला हॅस्ब्रो असेल तर १९९१ नंतरचा, आणि वॉडिंग्टनच्या जोडीला हॅस्ब्रो असेल तर १९९४ नंतरचा.

बारकोड असेल तर सत्तरच्या दशकाच्या शेवटानंतरचाच सेट, युरोपात त्याआधी बारकोड नव्हता. सुरुवातीचे आकडे बघा, ५० ब्रिटनचे, ४० ते ४४ जर्मनीचे, ३० ते ३७ फ्रान्सचे, ८० ते ८३ इटलीचे, ८७ हॉलंडचे. पण हा आकडा कंपनीची नोंदणी कुठली ते सांगतो, छपाई कुठली ते नाही. हॅस्ब्रोच्या काळातल्या जर्मन किंवा फ्रेंच खोक्यावर ५० ने सुरू होणारा कोड असतो, ते बघून सेट नकली ठरवू नका.

अजून एक साधी तपासणी आहे, मी सगळ्यात जास्त हीच वापरतो. दुकानात नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा लहान टॉर्च मिळतो ना, तो घ्या. खोली अंधारी करा आणि खेळातल्या नोटांवर, चान्सच्या पत्त्यांवर मारा. कागद निळा-पांढरा चमकला तर त्यात उजळपणाचं केमिकल आहे, ते कागदात साधारण १९५० नंतर घालायला लागले. युद्धाच्या आधीचा कागद मंद पिवळट किंवा तपकिरी दिसतो, चमकत नाही. मी एकदा ऑनलाईन 'युद्धाआधीचा पॅरिस सेट' म्हणून चांगले पैसे मोजून घेतला होता. खोकं मिरोचंच होतं, पट पण जुना, लाकडी घरं सुद्धा बरोबर, मी खुश. टॉर्च मारला तर जागांच्या मालकीचे पत्ते शांत आणि पाचशेच्या नोटा ट्यूबलाईटसारख्या पेटल्या. दोन-तीन सेट मिळवून एक केला होता. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं. आता पैसे द्यायच्या आधी अंधारातला फोटो मागतो, प्रामाणिक माणूस देतो.

सामानाकडे बघा. जुनी घरं-हॉटेलं लाकडाची, हातात घेतली की करवतीच्या बारीक रेषा आणि कोपऱ्यात साचलेला रंग दिसतो. प्लास्टिकच्या घराला साच्याची जोडरेषा असते. अमेरिकन सेटमध्ये लाकडी सोंगट्या असतील तर युद्धकाळातला असण्याची शक्यता मोठी, आणि धातूचा कुत्रा किंवा हातगाडी असेल तर पन्नासच्या दशकातला किंवा नंतरचा. अमेरिकन पट आणि लंडनचा पट गोंधळला तर कराचं घर वाचा, जुन्या अमेरिकन पटावर इन्कम टॅक्स दहा टक्के किंवा दोनशे असा असतो, लंडनच्या पटावर सरळ दोनशे.

पूर्ण आहे का ते मोजायला बसा. पटावर ४० चौकोन, मालकीचे पत्ते २८, चान्स आणि कम्युनिटी चेस्ट या दोन्ही गठ्ठ्यांत सोळा-सोळा पत्ते, बांधायची ३२ घरं, १२ हॉटेलं. फार जुन्या सेटमध्ये आकडा थोडा वेगळा असू शकतो म्हणून पुस्तिकेतली यादी असेल तर ती खरी माना. एखादा पत्ता कमी असला तरी मी घेतो, पण पुस्तिका नसेल तर दोनदा विचार करतो, कारण कंपनीच्या पत्त्याची ओळ बहुतेक तिच्यातच असते.

मिळवायचं कुठून? भंगारवाले आणि रद्दीवाले यांना नुसतं सांगून ठेवलं तर विसरतात, मी मोबाईलमधला फोटो दाखवून ठेवलाय. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आहेच. पण खरा रस्ता म्हणजे बाहेर असलेले भाचे-पुतणे. हॉलंडमध्ये २७ एप्रिलला किंग्ज डे असतो, त्या दिवशी लोक घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात, आपली आखाजी पण त्याच्याच मागेपुढे येते, भाचा सुट्टीला निघायच्या आधी त्याला एक चक्कर मारायला सांगा. इंग्लंडात चॅरिटी शॉप, जर्मनीत फ्लोमार्क्ट, फ्रान्सात ब्रोकांत, सगळी जुन्या वस्तू विकायचीच ठिकाणं. पोस्टाने मागवलं तर शिपिंग आणि कस्टम मिळून वस्तूपेक्षा महाग पडतं, बॅगेतून आलेलं परवडतं. फोटो मागताना चार हमखास मागा, पटाची मधली घडी, पुस्तिकेचं शेवटचं पान, खोक्याचा तळ, आणि सोंगट्या एका नाण्याच्या शेजारी.

कोणी जर महायुद्धातल्या ब्रिटिश 'कैद्यांना पळून जायला नकाशे लपवलेला सेट' विकत असेल तर मात्र पाकीट खिशातच ठेवा. वॉडिंग्टनने ब्रिटिश गुप्तचरांसाठी रेशमी कापडावर नकाशे छापले ही गोष्ट खरी आहे, पण तसा अस्सल मोनोपॉली सेट आज कुठे शिल्लक असल्याचं कोणी दाखवलेलं नाही.

शेवटी जपणूक, आणि आपल्याकडे हेच अवघड. मे महिन्यात जळगावात ४५ अंश झालं की पत्र्याखालच्या माळ्यावर पुठ्ठा वाकतो, घडीवरचं कापड सुटतं. पावसाळ्यात कसर आणि वाळवी. घरातली आतली खोली, लोखंडी कपाटाचा मधला कप्पा, पट आडवा, वर वजन नाही. रबर बँड लगेच काढा, उन्हाळ्यात ते वितळून पत्त्यांना चिकटतात. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकच्या घरांजवळ ठेवू नका, प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. आई कडुलिंबाचा पाला ठेवते, मी तो कोरडा करून कागदात गुंडाळूनच ठेवू देतो, नाहीतर डाग पडतो. आणि सेलोटेप कधीच नाही. भुसावळच्या त्या पटाची घडी मी पहिल्याच आठवड्यात सेलोटेपने जोडली होती, आज तिथे मधाच्या रंगाचा पट्टा पडलाय, व्हाइटचॅपल रोडच्या अर्ध्या अक्षरांवरून गेलेला, आणि तो निघत नाही. घडी सुटली असेल तर पातळ जपानी कागद आणि मैद्याची खळ घेऊन जुनी पुस्तकं बांधणाऱ्या माणसाकडून करून घ्या, आणि तोपर्यंत पट अर्धा उघडा न ठेवता पूर्ण सपाट ठेवा.