नाशिकहून लंडनला प्रथमच येणाऱ्यांसाठी अंतराचा आणि वेळेचा हिशेब

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नाशिकहून लंडनला येणारी मंडळी तिकीट हाती पडताच त्यावरच्या दोन वेळांची वजाबाकी करतात आणि तिथेच हिशेब चुकतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळावरच्या घड्याळाची असते. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोहोचणार आहे. वजाबाकी साडेचार तासांची दिसते. तिच्यात दोन्ही देशांमधला साडेपाच तासांचा फरक मिळवला की खरा प्रवास १० तासांचा निघतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून त्या काळात साडेचारच तास मिळवावेत. परतीच्या तिकिटात हाच फरक वजा करावा लागतो.

अंतराचे गणित शाळेतल्या नकाशावर पट्टी ठेवून सुटत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो. पट्टीने आखलेल्या मुंबई–लंडन रेषेचा मध्य तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेजवळ येतो, तर खऱ्या जवळच्या मार्गाचा मध्य जॉर्जियातील तिबिलिसीच्या आसपास असतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचे अंतर काढले तर ते सुमारे ७,२१० किलोमीटर भरते. विमान मात्र नेमके या रेषेवरून जातेच असे नाही. ही रेषा पूर्व इराणवरून आणि पुढे युक्रेनवरून जाते; युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि वाटेत कुठे तणाव वाढला की वळसा आणखी लांबतो.

उंचावर विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर धरतात. त्या हिशेबाने ८ तास पुरे व्हायला हवेत. पण धावपट्टीपर्यंतची रांग, चढणे-उतरणे, वळसे आणि समोरून येणारे पश्चिमी वारे यांत उरलेला वेळ जातो. भारताकडे येताना हेच वारे पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी भरतो.

माझ्या मते मोजणी नाशिकच्या घराच्या उंबऱ्यापासूनच करावी. मुंबई विमानतळ रस्त्याने सुमारे १७० किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, तरी भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. म्हणून रस्त्याला साडेचार तास आणि विमानतळावर ३ तास धरून दुपारी एकच्या विमानासाठी पहाटे साडेपाचला निघावे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे आल्यास हवाई अंतर साधारण ५०० किलोमीटरने वाढते, पण रस्ता वाचतो. मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, नाहीतर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांना दीड तास द्यावा. हिवाळ्यात साडेपाचला उतरलात तर तेव्हा नाशिकला रात्रीचे ११ वाजलेले असतात. तेव्हा फोन साडेबाराच्या पुढेच येईल, हे आई-वडिलांना निघतानाच सांगून ठेवावे.