एएच्या पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायची आहे, पण एकट्याने जमत नाही? मग जवळची ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाची मीटिंग शोधा. एएच्या वेबसाइटवर गावानुसार वार, वेळ, भाषा मिळते. जाण्याआधी फोन करून घ्या, कारण जागा बदलतात. काहीच सापडलं नाही, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

पत्ता बहुतेकदा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असतो. मोठा बोर्ड शोधत बसू नका. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर सरळ दोन स्टेशनं पलीकडचा ग्रुप धरा. पुष्कळजण तेच करतात. आत फक्त पहिलं नाव सांगायचं. तेही नको असेल, तर ‘आज ऐकायला आलोय’ एवढं म्हणून मागच्या बाकावर बसलं तरी चालतं. फी नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने ती पुढे सरकवावी. चहाला मात्र थांबा. खऱ्या गप्पा तिथेच होतात, आणि ‘प्यावंसं वाटलं तर आधी फोन कर’ म्हणणारा माणूसही तिथेच भेटतो.

पहिला ग्रुप रुचला नाही, तर दुसरा पाहा. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’च्या मीटिंगा वेगळ्या असतात.

एक मात्र पाळाच: रोज भरपूर पीत असाल, तर अचानक बंद करण्याआधी डॉक्टर गाठा. हात थरथरणं, भास, फिट येणं हे जिवावर बेतू शकतं, आणि एए उपचार करत नाही.